सर्वानुमते मंजूर

मंचरला आमच्या सोसायटीची सभा कधी भरत नसे; सभेचं रजिस्टर मात्र घरोघर फिरे. वॉचमन दुपारी दार वाजवायचा, आधीच लिहून ठेवलेल्या ठरावाखाली बोट ठेवायचा आणि आम्ही दारातच सही ठोकायचो. मीसुद्धा. घराण्यात पहिली पदवी माझी, आणि पाच वर्षं एक ओळ न वाचता सह्या केल्या. त्याची लाज वाटते, म्हणूनच लिहिते.

एके दिवशी मात्र वाचलं. 'गेटजवळ भाजी विकण्यास मनाई. सर्वानुमते मंजूर.' गेटजवळ बसणारी बाई एकच, माझी आई. आम्ही भीमाशंकरकडच्या डोंगरातले. गावाहून भावकीतलं कुणी एसटीनं रानभाज्या पाठवतं, त्या ती सकाळी दोन तास विकते. नुसतं घरात बसवलं तर तिचा जीव गुदमरतो.

सहीच्या जागी मी 'विरोध' लिहिलं. संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः वर आले. निवृत्त मास्तर. आधी पान खराब केलं म्हणून रागावले, मग शांतपणे म्हणाले, "तसाही तुमचा विरोध धरता येत नाही. फ्लॅट आईंच्या नावावर आहे. मेंबर त्या."

"मग पाच वर्षं माझ्या सह्या कशा चालल्या, सर?"

ते रजिस्टर मिटून जिना उतरले.

मी आईच्या नावानं अर्ज लिहिला, तिनं अंगठा दिला आणि सभा मागितली. रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या लागल्या. एकजण म्हणाले, गेटची शोभा जाते. आई उठली.

"शोभा जाती, आन कुर्डूची भाजी लई ग्वाड लागती व्हय, राव? घर आमी बी इकत घेतलंय. माझी हरकत लिवा."

काहीजण हसले, काहींनी मान खाली घातली. हात मोजले तर मनाईच्या बाजूनं दोन जास्त. हरलो. पण 'सर्वानुमते' हा शब्द सेक्रेटरींना स्वतःच्या हातानं खोडावा लागला. खोडेपर्यंत मी त्यांच्या शेजारून हलले नाही.

दुसऱ्या दिवसापासून आई रस्त्यापलीकडे बसते. गिऱ्हाईक तेच आहे.

आता कमिटीची निवडणूक आलीय. मी मेंबर नाही, म्हणून उमेदवार आई. प्रचाराला ती एकटीच जिने चढते. मत मागत नाही. दार उघडलं की सांगते, "येत्या सभंला खाली या. घरी बसून सही करू नगा."