शाईची रेघ

"नवरा कुठाय गं तुझा?"

कर्जतच्या त्या दवाखान्यात कंपाउंडरने वर न बघता विचारलं. बाकावरच्या सगळ्या बायांना ऐकू गेलं. मी म्हटलं, "खोपोलीला, कामाव."

"त्याला घेऊन ये. त्याच्या सहीबिगर पोट पाडत नाय आमी."

तिसरा महिना होता. पदरी तीन मुली, धाकटी अजून अंगावर पीत होती. तिच्या वेळी माझं रक्त थांबता थांबत नव्हतं. आणखी एका बाळंतपणात मी वाचणार नाही, हे मला कळत होतं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "या खेपंला पोरगाच हाय. गप ऱ्हा." म्हणून मी एकटी आले होते. नवा कायदा झालाय, बाईने हो म्हटलं की पुरे, असं ग्रामसेविका सांगून गेली होती. मला तेव्हाही ते खरं वाटलं नव्हतं. एकट्या बाईचं कोण ऐकतं?

कंपाउंडर आवाज खाली करून म्हणाला, "कुनी बी बाप्या आन. निस्ता अंगठा पायजे."

तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली. नवराच पाहिजे, तर कुणीही कसा चालतो? तरी गेले. जीव माझा अडला होता. स्टेशनाबाहेरचा टांगेवाला काही न विचारता उठला. एका चहावर तो आजवर किती बायांचा नवरा झाला होता, कोण जाणे.

दवाखान्यात येऊन त्याने अंगठ्याला शाई लावली. मी सातवी पास. माझी सही चालत नाही, आणि ज्याला माझं नावही ठाऊक नाही त्याचा अंगठा चालतो. मला माझीच किळस आली. मी कागद ओढला आणि वाचला. छापील मजकुराखाली सहीची जागा एकच होती, बाईची. नवऱ्याची जागा त्याखाली पेनाने रेघ मारून केलेली होती.

"थांबा, दादा," मी टांगेवाल्याला म्हटलं. मग कंपाउंडरला विचारलं, "ही रेघ कुनी मारली?"

"तशी पद्धत हाय."

"छापलेली तर नाय. कायद्यात हाय काय? दाखवा."

डॉक्टर आतून आले. कागद बघितला, मला बघितलं आणि म्हणाले, "करा सही."

माझा त्यांच्यावरही विश्वास बसला नाही. सही केली, आणि त्यांच्याच पेनाने ती खालची रेघ खोडली.

घरी कळलं तेव्हा मार खाल्ला. "कुनाला इचारून गेलीस?" नवरा म्हणाला.

"मलाच इचारून."

आता आमच्या लोधिवलीची कुणी बाई त्या दवाखान्यात जायची झाली, तर मी सोबत जाते. आधी कागद मागते. पेन माझं असतं.