बदामाच्या घरातलं सुतक

"बदामाच्या घरात सुतक हाय, सरुबाय. गुलाम आसू दे न्हाईतर आनखी कोन, त्या घरच्यानं हात करायचा न्हाई."

"सुतक? पत्त्यात?"

"बुधवारी शेळीनं बदामाची राणी खाल्ली. घरातलं मानूस गेलं का न्हाई?"

अंबाजीनं हे तोंड पाडून सांगितलं आणि सरुबाईच्या बदाम-गुलामावर चौकटची तिर्री टाकून हात ओढला. औंढ्याच्या मारुतीच्या पडवीत दोघं बसली होती, साक्षीला दत्तोबा. दत्तोबा ऐंशीला टेकलेला. कुणाचं सुतक कुणाला किती दिवस, हे सगळं गाव त्यालाच विचारी.

पत्ते अंबाजीचे. लोणावळ्याच्या एका बंगल्यावर तो कौलं शाकारायला गेला, तिथं मडमेनं दोन पानं हरवली म्हणून अख्खा जोड टाकून दिला, तो यानं कनवटीला लावून आणला. खेळ कुणी शिकवला नव्हता, म्हणून नियम तो जागेवर करी. त्याचं सगळंच तसं. स्वतःच्या लग्नाची तिथी त्यानं वाटेत बदलली होती. वऱ्हाड ठरल्या दिवशी पोचलं, नवरदेव दुसऱ्या दिवशी.

पण आजचा डाव नुसत्या गमतीचा नव्हता. अंबाजीचा एक बैल, सरुबाईचा एक, आणि दोघांचा वारंगुळा. म्हणजे दोन्ही बैल एका जुवाला जुंपून आधी एकाच्या भातखाचराची चिखलणी, मग दुसऱ्याच्या. आधी कुणाची, हे चार वर्षं पत्त्यांवर ठरत होतं, आणि चारही वर्षं अंबाजीचीच आधी झाली होती. यंदा सरुबाईचं रोप पिवळं पडायला लागलेलं. तिचं खाचर वरच्या अंगाला, कालच्या सरीचं पाणी त्यात फार तर दोन दिवस टिकणार. अंबाजीचं ओढ्याकाठी, त्याच्यात दिवाळीपर्यंत बेडकं. तरी त्याला आधी पाहिजे होतं. का, तर आधी जायला त्याला आवडे.

पाच-पाच पानं उपडी ठेवायची, एकेक उलटायचं, मोठ्या पानाचा हात, तीन हात करील त्याची चिखलणी आधी. पहिल्याच हाताला सरुबाईनं एक्का उलटला होता. "एक्का म्हंजी एकटा मानूस, त्यो काय करनार?" म्हणून अंबाजीनं तो पंजीनं मारला. दुसरा हा असा सुतकात गेला. तिसऱ्याला तिचा इस्पिक-राजा आला, चौथ्याला किलवर-राणी. त्यांच्यावर काही सुचायच्या आत तिनं हात ओढले. दोन-दोन झाले.

शेवटचं पान. सरुबाईनं उलटली दुर्री. अंबाजीनं उलटला बदामाचा राजा.

"झालं," अंबाजी म्हणाला. "बैल सोड."

सरुबाईनं पदर तोंडाला लावला. मयताच्या घरी बघतात तशी ती राजाकडं बघत राहिली.

"बायकू गेली बिचाऱ्याची," ती म्हणाली.

"त्ये सुतक फिटलं."

"कवा?"

"आत्ता."

"बुधवारी गेली न्हवं? आज सोमवार. आबा, किती दिस झालं?"

दत्तोबानं बोटं मोजली. "सा."

"लांबची भावकी, आबा," अंबाजी घाईनं म्हणाला. "तीन दिसांचं धरायचं."

"बायकू लांबची भावकी?" दत्तोबा भडकला. पत्ते त्याला कळत नव्हते, सुतक कळत होतं. "धा दिस! घरची मालकीन गेली, आन् साव्या दिशी तू त्याला कामाला जुपतोस? मानूस हायेस का कोन?"

"आबा, त्यो कागुद हाय."

"मग मगाशी गुलामाला कशानं लागलं रं?"

अंबाजीनं राजाचं पान उचलून मागून-पुढून पाहिलं. एरवी तिथं नियम तयार असे. आज आला नाही. शिवाय दत्तोबाशी सुतकावरून वाकडं घेतलं, तर उद्या आपल्या दारात तिरडी बांधायला कोण येणार, हाही प्रश्न होताच.

"बरं," तो म्हणाला. "वरचं खाचर आधी."

सरुबाई उठून बैल आणायला गेलीसुद्धा. अंबाजीनं पत्ते कनवटीला लावले, डोक्यावर इरलं घेतलं आणि आपला बैल सोडून वर निघाला. खाचरात पाणी घोट्याएवढं होतं, कडेनं सरायला लागलेलं.

"तुजा बैल यंदा डावीकडं जुपू," तो म्हणाला.

"चार वर्सं उजवीकडं चालतोय की त्यो."

"म्हनून तर."

"कुटंबी जुप, पर जुप."

जुंपला. डावीकडं बैल पाऊल उचलीना. दोन हाका झाल्या, तीन झाल्या. मग अंबाजीनं जू उतरवलं, बैल उजवीकडं घेतला, शेपटी पिळली आणि चिखलात उतरला.