कोवेभाऊंच्या उघड्या विंडो

कोवेभाऊ कॉम्प्युटरवर उघडलेली विंडो काम तडीस गेल्याशिवाय बंद करत नसत. दुपारपर्यंत त्यांच्या पडद्यावर तीस-चाळीस विंडो एकीवर एक चढलेल्या असायच्या, प्रत्येकीची बोटभर कड बाहेर. बघणाऱ्याला घेरी यावी! भाऊ मात्र त्या कडेवरूनच हवा तो अर्ज नेमका वर काढत.

आमच्या तालुक्याच्या ऑफिसात वनहक्काचे दावे यायचे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जंगलातली जमीन नावावर व्हावी म्हणून गावोगावच्या लोकांनी केलेले हे अर्ज. भाऊ निवृत्तीला आलेले आणि मी नागभीडहून आलेली नवी कंत्राटी ऑपरेटर. माझं टेबल चकचकीत आणि जीभ तिखट.

“भाऊ, हा पसारा काऊन ठेवता?”

“पसारा नाई पोरी. रानात वाट फुटते तिथी आमी फांदी मोडून ठेवतो. तू झाडून काढशील, मंग वापस कसं याचं?”

मी एक फुकटातला छोटा प्रोग्राम शोधून काढला. एक बटण दाबलं की सगळ्या विंडो नावाच्या क्रमाने ओळीत बसत. हवी ती मांडणी नाव देऊन जपून ठेवता येई आणि पुन्हा जशीच्या तशी उघडता येई. भाऊंनी कौतुकाने पाहिलं. “हुशार हाये. पन त्याले काय मालूम, कोनाले घाई हाये?”

मला कुठलं राहवतंय! एकदा भाऊ जेवायला गेले असताना मी तो प्रोग्राम त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकला आणि बटण दाबलं. परत आल्यावर ते पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, खूश झाले.

चार वाजता दाव्यांची यादी जिल्ह्याला गेली. नंतर कळलं की जनीबाईंचा दावा राहिला. त्यांचा नकाशा तेवढा जोडायचा होता, म्हणून भाऊंनी सकाळपासून तो अर्ज सर्वांत पुढे ठेवला होता. माझ्या टापटिपीत तो तिसऱ्या ओळीत जाऊन बसला. फोन केला, पण यादी बंद झाली होती. दावे मंजूर करणाऱ्या समितीची पुढची बैठक कित्येक महिन्यांनी. जनीबाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. तीनदा ऑफिसात येऊन म्हणाल्या होत्या, “मराच्या आंधी कागद हातात पाह्यचा हाये.”

शनिवारी भाऊ मला एसटीने जनीबाईंच्या गावी घेऊन गेले. वाटभर मी माफीचे शब्द जुळवत होते. अंगणात पोचताच भाऊच बोलले. आधी गोंडीत, मग मला कळावं म्हणून मराठीत, “बाई, माह्याच्यानं राह्यलं.” मी तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं. जनीबाईंनी आम्हाला पाणी दिलं. “पुढच्या टायमाले तरी होते ना?” एवढंच विचारलं.

परतताना मला रडू आवरेना. भाऊंनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“काऊन रडून राह्यली? रडून दावा नाई सरकत. तो प्रोग्राम शिकव मले.”

आणि खरोखर शिकले. बटणांची नावं चिठ्ठीवर लिहून, माझ्या शंभर सूचना ऐकून. पुढच्या बैठकीआधीच ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात फक्त म्हणाले, “काम पोरीपाशी हाये, मले फिकर नाई.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसले. प्रोग्राममध्ये त्यांनी एकच मांडणी जपून ठेवली होती, तिचं नाव ‘बाकी’. उघडली. अपुऱ्या दाव्यांच्या विंडो पटापट आपापल्या जागी आल्या, प्रत्येकीची बोटभर कड बाहेर. सर्वांत पुढे जनीबाई, नकाशा जोडलेला. या वेळी पहिला दावा त्यांचाच गेला.

मंजुरी आली तेव्हा कागद द्यायला मीच गेले. जनीबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या नावावर माझं बोट ठेवून घेतलं आणि कितीतरी वेळ तिथे पाहत राहिल्या. ऑफिसात परतताच भाऊंना फोन लावला.

“भाऊ, जनीबाईच्या हातात कागद दिला.”

ते म्हणाले, “मंग आता कर ते बंद.”

त्यांना कसं कळलं कोण जाणे. पण दावा पाठवला त्या दिवसापासून जनीबाईंची विंडो माझ्या पडद्यावर रोज उघडीच असायची.