पडद्यामागचा आवाज

बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी हुलसूरच्या कॉलेजातल्या तरुण शिक्षकांनी एक जुनी शोकांतिका बसवली. मी निवृत्त मराठी शिक्षक, म्हणून मलाही त्यात एक वाक्य मिळालं. सगळी मुलं युद्धात गमावलेला राजा एकटा बसलेला असतो आणि पडद्यामागून कोणीतरी विचारतं, "जेवण झालं का?" हा आवाज कोणाचा, ते संहितेत कुठंच लिहिलेलं नव्हतं. दिग्दर्शक माझाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "हा मृत्यू आहे, सर. आवाज घोगरा काढा." मला वाटायचं, ती मेलेली राणी असावी.

दुपारी घरात मी एकटाच सराव करायचो. एकदा घोगरा, एकदा हळवा आवाज काढून दमलो आणि शेवटी ते वाक्य साध्याच आवाजात मोठ्यानं म्हटलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या अक्का बोलल्या. त्यांची मुलं पुण्याला असतात.

"न्हाई झालं अजून. कामून इचारायलाव, अण्णा?"

नाटकाचं सांगायला माझी जीभ रेटेना. "सहज," म्हणालो.

"बरं वाटलं. कोण इचारतंय आता!"

दुसऱ्या दिवशी तालमीत मी ते वाक्य तसंच साधं म्हटलं. दिग्दर्शकानं विचारलं, "सर, मग हा नेमका कोण?"

"शेजारचं कोणीतरी," मी म्हणालो. "त्यालाही एकट्याला जेवण जात नसेल."

त्यानं संहितेच्या कडेला स्वतःच लिहिलेलं 'मृत्यू' खोडलं आणि तालीम पुढं सुरू केली.