चिठ्ठी हातात घ्या

टोपली काउंटरवरून सरकली आणि पायरीवर उलटी पडली. आतली औषधाची पिशवी गटारीच्या कडेला गेली. आई वाकली. तिचे गुडघे धरलेले असतात, तिला वाकायला वेळ लागतो. मेडिकलवाल्यानं वरून बघितलं आणि म्हणाला, "सांभाळून मावशी."

एवढंच म्हणाला.

त्याच्या हातात लाकडी फूटपट्टी होती. त्या पट्टीनंच त्यानं टोपली पुढं ढकललेली. जरा जोरात बसली असंल. मुद्दाम नसंल. असं मी तेव्हा म्हणाले, मनातल्या मनात. आईच्या हातातून पिशवी घेतली, ओढणीनं पुसली आणि घरी आले. आईला फिट येते, लग्नाच्या आधीपासून. सकाळी एक गोळी, रात्री एक. गोळी चुकली की कधी पडंल, कुठं पडंल, सांगता येत नाही. एकदा चुलीवर पडली होती, त्याचा डाग अजून दंडावर आहे. तेव्हा गोळी मिळाली ना, मग झालं. गटारीच्या कडेला पडलेली पिशवी पुसून घेणारी बाई मीच होते. ते आधी सांगते. नाहीतर तुम्हाला वाटायचं, ही जन्मल्यापासूनच ताठ होती.

ती टोपली सांगते. निळी, प्लास्टिकची, भाजी धुवायची असते तसली. एका बाजूला तडकलेली, तिथं तार बांधलेली. तळाला कधीतरी खोकल्याचं औषध सांडलेलं आणि तसंच वाळलेलं. त्या चिकट्याला धूळ, केस, एक मेलेली माशी. आमची चिठ्ठी त्यात, आमची नोट त्यात, आणि वरून आमचं औषधही त्यातच.

टोपली आली कोरोनात. तेव्हा दुकानापुढं दोरी बांधली होती. अख्खं गाव दोरीच्या अलीकडं. बागायतदार असो, दूध डेअरीचा चेअरमन असो, चिठ्ठी टोपलीत टाकायची आणि मागं सरायचं. कुणी कुणाला शिवत नव्हतं. माणसं रडकुंडीला आलेली. म्हणायची, काय दिवस आले, माणूस माणसाला हात लावंना. आमच्या वस्तीत या गोष्टीचं कुणाला काही वाटलं नाही. त्या दोन वर्षांत गाव पहिल्यांदा आमच्यासारखं जगलं.

मग कोरोना गेला. दोरी सुटली. टोपली काउंटरच्या खाली गेली.

आमच्यासाठी ती परत वर यायची. कुणी काही बोललं नाही, पाटी लावली नाही. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला, गावानं वस्तीचं जुनं नाव बदललं नाही. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या बाजूचं आमचं गाव, ऊस चिक्कार, मेडिकल एकच. त्या मेडिकलात बाकीच्यांची चिठ्ठी हातात. आमचा माणूस पायरी चढला की मेडिकलवाल्याचा हात आपोआप खाली जाणार आणि टोपली वर येणार. वर गोड बोलणं. "काय मावशी, झोप लागती का? तिखट कमी खा." कधी वाकडा शब्द नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

आणि त्याची एक सवय. कागदी पिशव्यांचा गठ्ठा असायचा. अंगठा जिभेला लावायचा, चांगला ओला करायचा, त्या अंगठ्यानं पिशवी सुटी करायचा आणि त्यात गोळ्या टाकायचा. त्याची थुंकी आमच्या औषधाला चालत होती. आमचं बोट त्याच्या बोटाला चालत नव्हतं. शी. आज लिहिताना सुद्धा तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

पण तेव्हा मी त्याच्यासाठी कारणं शोधायचे. त्याच्या घरात म्हातारी माणसं असतील. आजारी लोक येतात, सांभाळावं लागतं. मी शिर्डीला एका हॉटेलात चादरी धुते. रोज सकाळी जीपनं जाते. कुठल्या कुठल्या राज्यातली माणसं येतात, देवाच्या पाया पडतात, त्या चादरींवर झोपतात. त्यांचा घाम, त्यांची लाळ, त्यांच्या पोरांचं मुतणं, सगळं माझ्या हाताखालून जातं. दुसऱ्या दिवशी नवीन माणसं त्याच चादरी तोंडावर ओढून घेतात. माझ्या हाताचा वास कुणाला येत नाही. मला हे दिसत होतं आणि तरी मी कारणं शोधत होते. माणूस किती दिवस स्वतःला येड्यात काढू शकतो याला काही माप नाही.

मग आईला श्रीरामपूरला नेलं, मोठ्या डॉक्टरकडं. त्यांनी गोळी वाढवून दिली. दवाखान्याच्या खालीच मेडिकल होतं. आत एक पोरगी, वीस-बावीसची, केसाला पिन लावलेली. मी मागं मोबाईलवर जीपवाल्याशी बोलत होते. आई चिठ्ठी घेऊन पुढं गेली आणि काउंटरवर इकडं तिकडं बघायला लागली.

"काय पाहिजे आजी?"

"टोपली कुठंय?"

"पिशवी पाहिजे का?"

"न्हाई. चिठ्ठी ठिवायला."

पोरीला काही कळलं नाही. तिनं हात पुढं केला. "द्या ना माझ्याकडं." आईनं हात मागं घेतला. चटका बसल्यासारखा. मग चिठ्ठी काचेवर ठेवली आणि एका बोटानं पुढं सरकवली. ती पोरगी हसली, चिठ्ठी उचलली, आणि गोळ्या देताना आईचा हात धरून तिच्या तळव्यावर पाकिटं ठेवली. "ही सकाळची आजी, ही रात्रीची." आई तळव्याकडं बघत राहिली. गोळ्यांकडं नाही, तळव्याकडं.

मी बाहेर आले आणि भिंतीकडं तोंड करून ओकले. सकाळचा चहा, भाकरी, सगळं. आईला वाटलं, मला पित्त झालं.

एसटीत मी तिला विचारलं, "टोपली कशाला मागितली गं?"

"मला वाटलं, औषदाच्या दुकानाचा नियमच हाय आता." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तिनं हातात दिलं. पोरगी नवीन आसंल. तिला म्हाईत नसंल."

तिला माहीत नसंल. माझ्या आईला त्या पोरीची काळजी वाटत होती, की तिनं चुकून आपल्याला हात लावला. सत्तरीची बाई. तिच्या लहानपणी गावातल्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप वेगळे टांगलेले असायचे. ते गेलेले तिनं बघितले. आणि म्हातारपणी पुन्हा तेच शिकली, तेही एका प्लास्टिकच्या टोपलीकडून, आणि मी शेजारी उभी राहून शिकू दिलं. त्या मेडिकलवाल्याची किळस मला त्या दिवशी आली नाही. माझी आली.

पुढच्या महिन्यात गोळ्या संपत आल्या. जायला मला उशीर झाला, ही माझी चूक. घरात रात्रीची एकच गोळी उरलेली. संध्याकाळी कामावरून आले ती सरळ मेडिकलात गेले. दुकानात गुरुजी होते. मला चौथीला शिकवलेले, आता रिटायर. त्यांच्या हातात त्यांची औषधं होती, ते फोनवर काहीतरी बघत उभे. मेडिकलवाल्यानं मला बघितलं, हात खाली गेला, टोपली वर आली.

मी चिठ्ठी धरलेला हात पुढं केला.

"ठेव त्यात."

"चिठ्ठी हातात घ्या."

तो हसला. "अगं, हायजीन असतं हे. सगळ्यांसाठीच आहे."

"गुरुजी," मी म्हणाले, "तुम्हाला टोपली लागली का?"

गुरुजींनी वर बघितलं. माझ्याकडं, मग त्याच्याकडं. मग परत फोनमध्ये. चौथीत हेच गुरुजी आम्हाला प्रतिज्ञा म्हणायला लावायचे, एक शब्द चुकला तर पहिल्यापासून.

मेडिकलवाल्याचं हसू गेलं. "तुला औषध पाहिजे का भांडण? आईची गोळी संपली असंल आज-उद्या."

त्याला माहीत होतं. गेल्या महिन्यात आम्ही आलो नव्हतो, तरी महिन्याचा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का. आईच्या झटक्यावर बोट ठेवून तो माझ्याशी बोलत होता. माझा हात तसाच पुढं. 

"हातात घ्या," मी परत म्हणाले.

"मग नाही माझ्याकडं. माल संपला."

त्याच्या मागं, दुसऱ्या फळीवर, त्या गोळीचा खोका होता. हिरव्या पट्ट्याचा. वर्षानुवर्षं बघते, मला झोपेत ओळखता येतो. मी खोक्याकडं बोट केलं. त्यानं फूटपट्टीनं टोपली अजून थोडी पुढं सरकवली.

मी चिठ्ठी घडी केली आणि पायरी उतरले.

रात्रीची गोळी आईनं घेतली. सकाळी पहिल्या एसटीनं मी श्रीरामपूरला गेले. मी परत येईपर्यंत आई अंगणात पडली. शेजारणीनं धरलं म्हणून डोकं वाचलं. जीभ चावली गेली होती, पदर रक्तानं भिजलेला. मी तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होते. ती म्हणाली, "घ्यायची हुतीस की गं टोपलीत." 

दुपारपर्यंत गावभर झालं. हिच्या ताठ्यापायी आईला फिट आली. गिरणीत एक बाई तोंडावर म्हणाली. आमच्या वस्तीतले सुद्धा म्हणाले, एकच मेडिकल हाय, उद्या आमच्या पोरांना ताप आला तर आमी कुठं जायचं. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटत राहिलं. आईच्या सुजलेल्या जिभेकडं बघायचे आणि वाटायचं, काय मिळवलं मी.

तिसऱ्या दिवशी आई भाकरी कुस्करून खायला लागली तेव्हा माझं डोकं जागेवर आलं. गोळी होती. खोका होता. मी बघितला होता. आई माझ्या ताठ्यानं पडली नाही, त्यानं असलेली गोळी दिली नाही म्हणून पडली. इतकी साधी गोष्ट, आणि मी तीन दिवस ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरत होते. आपल्याला ओझं उचलायची इतकी सवय, की दुसऱ्याचा गुन्हासुद्धा आपणच उचलतो.

मी दोन अर्ज लिहिले. एक पोलिसात, एक नगरला औषधवाल्यांच्या सरकारी ऑफिसात. औषध असताना दिलं नाही. जातीमुळं चिठ्ठी हातात घेतली नाही. तारीख, वेळ, दुकानात कोण कोण होतं, सगळं. पोहोच घेतली.

आठ दिवसांनी गुरुजी घरी आले. आमच्या घरी पहिल्यांदाच. आईनं चहा दिला. त्यांनी घेतला, मला दिसंल असा घेतला, कप उंच धरून, आवाज करत. बघ, मी पितो तुमच्याकडचा, असा तो चहा होता. मला तोही टोपलीइतकाच घाण वाटला.

"मिटवून घे," ते म्हणाले. "त्यानं टोपली टाकून दिली. उद्यापासून सगळ्यांना हातात देईल. ॲट्रॉसिटी लई वाईट गं, पोराबाळांचा माणूस आहे."

"माफी मागायला तो का नाही आला?"

"लाजतो."

"मला नाही लाज वाटली, दर महिन्याला टोपलीत हात घालायची?"

"आईचा तरी विचार कर."

आई चुलीपाशी बसली होती. जीभ अजून जड, शब्द ओढत बोलली. "माझा इचार करू नका गुरुजी. तुमी तितं हुता. काय बघितलं, तेवडं सांगा."

गुरुजींनी कप खाली ठेवला. 

मी त्यांना अर्जाची प्रत दाखवली. साक्षीदाराच्या जागी त्यांचं पूर्ण नाव होतं. ते वाचून त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "मला न विचारता लिहिलंस?"

"तुम्ही तिथं होता, हे तुम्हाला कशाला विचारू?"

ते गेले. निरोप परत परत येतो, अर्ज मागं घे. मी घेणार नाही. गुरुजींचं नाव खोडणार नाही. चौकशीच्या साहेबांपुढं उभं राहून त्यांना एकतर खरं बोलावं लागंल, नाहीतर माझ्या डोळ्यांत बघून खोटं.

आणि औषधाला मी श्रीरामपूरला जाणार नाही. आईची गोळी याच गावात, याच दुकानातून आणीन. संपायच्या आठ दिवस आधी जाते आता, आईला सोबत घेऊन. आई चिठ्ठी पुढं करते. मेडिकलवाल्याचा हात ती घ्यायला पुढं येईपर्यंत आम्ही दोघी उभ्या राहतो, मागं कितीही माणसं थांबोत.