टायपिस्टकाकूंची सवत

टायपिस्टकाकूंना उतारवयात सवत आली, आणि तीही पेन ड्राइव्हमधून. हसू नका, काकूंच्या जिवाची किती तगमग झाली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

त्यांच्या यजमानांचे, म्हणजे टायपिस्टकाकांचे, डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण बोटं शाबूत होती. लोक सभा-बैठकांचं रेकॉर्डिंग आणून देत. काका कानाला हेडफोन लावून ते धडाधड टाइप करत. मग काकू शेजारच्या खुर्चीत बसून पडद्यावरचं मोठ्यानं वाचत आणि काका दुरुस्त्या सांगत. दुपारचा तो वेळ म्हणजे काकूंचं राज्य. दारावरची बेल वाजली तरी त्या उठायच्या नाहीत.

पण कॉम्प्युटर म्हातारा झाला. जुन्या सिस्टीमला अपडेट मिळेनात आणि तिची नवी आवृत्ती त्याला पेलवेना. काकांचा ऑफिसातला जुना मित्र घरी येऊन म्हणाला, "लिनक्स सिस्टीम टाका की! फुकट आहे. आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं, लपवाछपवी नाही. शिवाय पडद्यावरचं स्वतःच वाचून दाखवते. आठवडाभर या पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. पटली तर ठेवू, नाहीतर जुनी आहेच."

"वाचून दाखवते?" काकूंनी कान टवकारले.

मित्रानं बटण दाबलं आणि खोलीत एक बाई बोलायला लागली. अडखळणं नाही, खोकणं नाही, घोटभर पाणीसुद्धा नको. काका खुर्चीत सरसावून बसले. "वा! काय स्वच्छ वाचते हो!"

ते 'स्वच्छ' काकूंना असं झोंबलं, की पाहुण्याच्या चहात साखर घालायची राहून गेली.

मित्र गेल्यावर काका म्हणाले, "ठेवायची की नाही ते तू ठरव. तू नको म्हणालीस तर नको."

'नको' अगदी ओठांवर आलं होतं. पण कारण काय सांगणार? मशीनचा हेवा वाटतो म्हणून? काकू म्हणाल्या, "बघू की."

मग सुरू झाला छळ. काका तासन्‌तास आपल्या जुन्या फायली तिच्याकडून ऐकत बसत आणि काकू स्वयंपाकघरात भांडी आपटत. "नाकात बोलते मेली! हसायच्या ठिकाणी रडल्यासारखी वाचते."

"होईल सवय," काका शांतपणे म्हणत. कुणाला होईल, हे विचारायची काकूंची हिंमत झाली नाही.

खरं तर मत्सराच्या आत भीती होती. डोळे गेले तेव्हा सुरुवातीला काकू काकांची एकूणएक चूक वाचून दाखवायच्या. एके दिवशी काकांनी कीबोर्ड ढकलून दिला आणि कितीतरी दिवस त्याला हात लावला नाही. तेव्हापासून काकूंनी एक युक्ती काढली. चार चुका सांगायच्या, बाकीचं संदर्भानं बरोबर करून वाचायचं, आणि काका आडवे झाले की गुपचूप दुरुस्त करून टाकायचं. आपला हात अजून पहिल्यासारखा चालतो, या समजुतीवर काका खूश होते. या खुशीच्या पायीच तर काकूंनी हा खटाटोप चालवला होता!

आणि एका दुपारी काकांनी नुकतंच टाइप केलेलं वाचताना ती बाई एका ओळीवर येऊन काहीतरी अगम्य बरळली.

"अगं, इकडे ये," काकांनी हाक मारली. "बिघडली वाटतं ही. तू वाच बघू."

काकूंनी पडदा पाहिला. आख्खी ओळ म्हणजे अक्षरांची खिचडी होती. पण आधीच्या आणि पुढच्या वाक्यांवरून अर्थ लागत होता. काकूंनी खुर्ची ओढली आणि ती ओळ ठसक्यात, जिथल्या तिथे थांबत, बरोबर वाचली.

"म्हणजे हीच खोटारडी!" काका म्हणाले. "काढून टाकू."

काय बरं वाटलं म्हणून सांगू काकूंना! गेली अवदसा!

पण काका मुळात टायपिस्ट. खात्री केल्याशिवाय सोडतील तर ना! त्यांनी तिला तीच ओळ एकेक अक्षर सुटं करून वाचायला लावली. ती एक अक्षर सांगे, काका ते कीबोर्डवर बोटानं शोधत. पाच-सहा अक्षरांनंतर त्यांचा हात थांबला.

"सगळी बोटं एकेक घर बाजूला सरकलीत. माझीच." मग त्यांनी विचारलं, "तू काय वाचलंस?"

काकू खुर्चीतून उठू लागल्या.

"किती वर्षं चाललंय हे?"

"तुम्ही कीबोर्ड ढकललात तेव्हापासून."

काका रागावले असते तर परवडलं असतं. ते नुसते मान खाली घालून बसले. "मला जे दिसतं ते तुझ्या तोंडून दिसतं," ते म्हणाले. "आता त्यातलं खरं किती समजू?"

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. "ठेवा तिला," त्या कशाबशा म्हणाल्या. "मशीनमध्ये कायमची टाकून घ्या. चुका तीच सांगेल."

"ती पडद्यावरचंच सांगते." काकांनी त्यांच्या दिशेनं तोंड वळवलं. "तू कशी दिसतेस आता? खरं सांग."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बाईची एकेक अक्षर वाचत टकळी चालूच होती.

"आधी तिला गप्प करा," काकू म्हणाल्या. "तिच्यासमोर नाही सांगायची मी."

काकांनी चाचपडत बटण दाबलं. खोली शांत झाली.

"केस पिकलेत," काकू म्हणाल्या. "सगळे."