एका पावसाळ्याची मुदत

सुखदेव मिस्त्री कामाच्या पहिल्या दिवशी काम करत नसत. इमारत जुनी असेल तर सकाळी डबा घेऊन आत जायचे, रिकामं पोतं अंथरायचे आणि दिवस मावळेपर्यंत बसून राहायचे. ऊन किती वाजता कुठल्या भिंतीवर येतं, वारा कुठून लागतो, ओल कुठवर चढली आहे, हे बघायचे आणि कोळशाने जमिनीवर खुणा करायचे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वैतागले. माझ्या वहीत त्या दिवसाची सहा कामं लिहिलेली होती आणि एकही झालं नव्हतं.

आमचं गाव बाभुळगाव तालुक्यातलं. गावाच्या कडेला कापसातली सरकी काढायचं एक जुनं जिन, म्हणजे कारखाना, होता. यंत्रं कधीच भंगारात गेली; उरलेली शेड मालकांनी आमच्या वाचनालयाला दिली. मी वाचनालयाची चिटणीस. गावातल्या मुलींसाठी अभ्यासिका करायची, हे ठरलेलं होतं. मुलगे यवतमाळला खोली करून राहतात. मुलींना घरातच पाहुणे, टीव्ही आणि चूल सांभाळून पुस्तक उघडावं लागतं. शेड पाडून नवी स्लॅबची इमारत बांधायची, असं समितीचं मत होतं. आमचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी जेसीबीसुद्धा सांगून ठेवला होता. मिस्त्रींना मी बोलावलं ते फक्त छपराची कवेलू आणि सागवान न फोडता उतरवून घ्यायला.

संध्याकाळी ते पोतं झटकत बाहेर आले.

"मॅडम, पाडता काहून?"

"जुनी झाली म्हणून."

"जुना तर मीबी झालो. मले पाडता का?"

मी हसले नाही. त्यांनी मला आत नेलं. दीड हात जाडीच्या भिंती, चुन्यातलं बांधकाम, वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या. बाहेर चैत्राचं ऊन होतं आणि आत अंगावरचा घाम सुकत होता. "पाडलं का मलबा कुठं टाकान? नाल्यात. मंग नवी वीट कुठून आणान? त्याच नाल्याच्या काठची माती जाळून. हे कोणतं शहाणपण हाय, बाप्पा?" घरी जाऊन मी वहीत दोन रकाने पाडले, काय पाडायचं आणि काय ठेवायचं. ठेवायचा रकाना पानभर झाला. समितीला मी तेच पान दाखवलं. अण्णासाहेब नाराजीनेच तयार झाले.

मिस्त्रींचा या शेडमध्ये जीव का अडकला होता, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. खिडक्या मोठ्या करण्याचं काम चाललं होतं. एका जागी हात ठेवून ते म्हणाले, "माही माय इथंच उभी राहे. कापसातला कचरा येचे. बसली का मुकादम वरडे. जेवाले बाहेर, उन्हात. तुमी इथं पोरीले बसवून राह्यल्या म्हून म्या हे काम घेतलं. पाडाचंच राह्यलं असतं तं मी दुसऱ्या दिवशी आलोच नसतो." एवढं बोलून ते लगेच हातोडीकडे वळले.

अशा माणसाचं काम मी बिघडवलं. दसऱ्याला ते दरवर्षीप्रमाणे सहकुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. चार दिवस काम बंद. उद्‌घाटनाची तारीख तोंडावर होती आणि माझ्या यादीत पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा तेवढा राहिला होता. जाताना त्यांनी बजावलं होतं, "त्या भितीले सिमेट लावू नका. तिच्या पोटातलं पाणी बाहेर याले जागा पाहिजे." मी दुसरा ठेकेदार बोलावला, दोन दिवसांत सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि वहीत बरोबरची खूण केली. परत आल्यावर मिस्त्रींनी भिंतीवर बोटाने टकटक केलं. "लय घाई झाली," एवढंच म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात भिंत फुगली. एके दुपारी गिलाव्याचा परातीएवढा तुकडा एका मुलीच्या बाकाजवळ पडला. तिला लागलं नाही, पण समितीची बैठक त्याच संध्याकाळी झाली. "जुनं ते जुनंच," अण्णासाहेब म्हणाले. "मिस्त्रीच्या नादी लागलो. आता पाडा." मिस्त्री दाराशी टोपी हातात धरून उभे होते. त्यांच्याकडे बघत मी मोजून एक मिनिट गप्प राहिले, आणि ते मिनिट मला अजून बोचतं. मग उठून सांगितलं की तो गिलावा मी करून घेतला, मिस्त्रींनी नको म्हटलं असतानाही.

कोणी काही बोलायच्या आत मिस्त्री म्हणाले, "अण्णासाहेब, एक पावसाळा द्या. पुढच्या झडीत भीत ओली दिसली तं पह्यला घण मीच मारतो." एक पावसाळा मिळाला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"घेऊन भीत वाळली असती का?"

दिवाळीनंतर त्यांनी सगळं सिमेंट हाताने खरवडलं. भिंत तीन महिने उघडी ठेवली. तोवर खड्ड्यात चुना भिजत होता. त्यात विटांची भुकटी, गुळाचं पाणी आणि बेलाचा गर घालून त्यांनी पातळ गिलावा केला. मी रोज विचारायचे, किती टक्के झालं? "भितीले टक्के नसते, मॅडम. वाळली का वाळली."

त्या उन्हाळ्यात ते खंगले. छातीचं दुखणं होतं. दुपारी काठी टेकत अभ्यासिकेत यायचे आणि कोपऱ्यातल्या बाकावर आडवे व्हायचे. "पोरीहो, तुमी अभ्यास करा, मी पास होऊन राह्यलो," म्हणून डोळे मिटायचे. त्यांचं स्वतःचं घर स्लॅबचं होतं, मे महिन्यात भट्टीसारखं तापायचं. मी एकदा बोलून गेले, "दुसऱ्यांना सांगता आणि स्वतःच स्लॅब टाकलात?"

ते उठून बसले. "बायकोची इच्छा होती. मातीच्या घरात तिनं जलमभर पोतेरं केलं, गळक्याखाली गंज-भांडे मांडले. लोकाच्या जुन्या भितीचं मले कौतुक हाय. तिच्या जुन्या भितीचं तिले काय कौतुक?" हे मी वहीत लिहून ठेवलं आहे. जुनं वाचवण्याच्या गप्पा करणाऱ्या प्रत्येकाला, मला धरून, ते ऐकवावंसं वाटतं.

श्रावणात झड लागली. सहा दिवस सूर्य दिसला नाही. चौथ्या दिवशी पहाटे मिस्त्री गेले. त्यांच्या घराच्या ओसरीत मी उभी असताना वही काढली नाही. काय लिहावं ते सुचतही नव्हतं. अभ्यासिका त्या दिवशी बंद ठेवू का, असं मुलींना विचारलं. त्या अंत्ययात्रेला आल्या, आणि दुपारी कुलूप उघडून पुन्हा आत जाऊन बसल्या.

सहाव्या दिवशी अण्णासाहेब भिंत बघायला आले. छत्री बाहेर ठेवून थेट पश्चिमेच्या भिंतीकडे गेले. खाली, मध्ये, खिडकीच्या कोपऱ्यात, तीन ठिकाणी तळहात दाबून बघितला. मग हात खिडकीच्या उजेडात धरला. त्याला चुन्याची कोरडी भुकटी लागली होती. ते तसेच उभे राहिले.

बाकावरच्या मुलीने थोडा वेळ वाट पाहिली आणि मान वर केली.

"आबाजी, जरासे सरकता का? उजेड अडून राह्यला."

अण्णासाहेब बाजूला झाले.